जगभरच्या शेअर्सचा इंडेक्स फंड: इथूनच घ्यावा की डॉलर पाठवून?

माझी भाची गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषध कंपनीत कामाला आहे. चवथीला घरी आली तेव्हा गणपतीवरच्या माटोळीला सुपारीची शिपटं (घड) बांधता बांधता तिनं विचारलं, "मामा, महिन्याला दहा हजार बाजूला पडतात. जगाचा इंडेक्स फंड घ्यावा म्हणते. आपल्याकडच्या म्युच्युअल फंडातून घेऊ, की डॉलर पाठवून थेट बाहेर?"

माझं मत आधी सांगतो: पहिली चार-पाच वर्षं इथलीच वाट. का, ते खाली.

इंडेक्स फंड म्हणजे एखाद्या निर्देशांकातले शेअर्स त्याच प्रमाणात घेणारा फंड. तेव्हा त्याआधी 'जगाचा' म्हणजे कुठला निर्देशांक, ते बघायला हवं. एस अँड पी ५०० हा निव्वळ अमेरिकी निर्देशांक. एमएससीआय वर्ल्डमध्ये २३ प्रगत देश आहेत, पण भारत आणि चीन नाहीत. प्रगत आणि भारत-चीनसारखे उदयोन्मुख, दोन्ही गट हवेत तर एमएससीआय एसीडब्ल्यूआय किंवा एफटीएसई ऑल-वर्ल्ड, आणि त्यातही निम्म्याहून जास्त वजन अमेरिकेचंच. इथल्या फंडांत बहुतेक करून एस अँड पी किंवा नॅसडॅक १०० (हाही अमेरिकेतलाच) मिळतो, खऱ्या अर्थानं सगळं जग क्वचित. थेट वाटेची ही एक बाजू नक्कीच उजवी.

आणि ती छोटी नाही. सावईवेऱ्याला आमच्या आजोळी कुळागर आहे. पोफळीवर मिरवेल चढवलेली, मध्ये केळी, बांधाला माड. ज्या पावसाळ्यात कोळेरोगानं सुपारी गळायची, त्या वर्षी घर नारळ आणि मिरीवर चालायचं. २००० ते २००९ या दहा वर्षांत एस अँड पी ५०० मध्ये लाभांश धरूनही पैसे वाढले नाहीत, उलट थोडे घटले. जपानच्या निक्केईनं १९८९ च्या डिसेंबरात गाठलेली उंची पुन्हा दिसायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. म्हणून एकाच देशावर सगळा भार नको, मग तो अमेरिका असो की भारत.

आता दोन्ही वाटा. इथल्या फंडाचं सुख असं, की एसआयपी (दरमहाची ठरावीक गुंतवणूक) रुपयांत, पाचशे-हजारापासून, आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून काही दाखवावं लागत नाही. पुष्कळांना वाटतं, डॉलर वधारण्याचा फायदा फक्त बाहेर पैसे पाठवणाऱ्याला मिळतो. तसं नाही. २०१० साली ४५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २०२४ संपताना ८५ च्या पुढे गेला; फंडाचे शेअर्स डॉलरमध्येच असल्यामुळे ती वाढ इथल्या एनएव्हीतही, म्हणजे युनिटमागच्या मालमत्तेच्या मूल्यातही, उतरली.

अडचण मर्यादेची. सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून परदेशात ७ अब्ज डॉलर घालता येतात, परदेशी ईटीएफसाठी (शेअर बाजारात शेअरसारखे विकत मिळणारे फंड) वेगळे १ अब्ज. २०२२ च्या सुरुवातीला पहिली मर्यादा भरत आली, एप्रिल २०२४ मध्ये दुसरी, आणि योजनांची दारं बंद होऊ लागली. या फेऱ्यात मी स्वतः सापडलो. शेअर बाजारात एका परदेशी ईटीएफची युनिटं मी एनएव्हीपेक्षा दहा टक्क्यांहून चढ्या भावानं घेतली. फंडाला नवी युनिटं काढता येत नव्हती, मागणी मात्र होती. पुढे तो फरक ओसरला आणि निर्देशांक वाढूनही माझ्या पदरात त्या मानानं थोडंच पडलं. म्हणून ईटीएफ घेताना बाजारभाव आणि एनएव्ही शेजारी शेजारी ठेवून बघा. साध्या फंडाला ही भानगड नाही, फक्त तो नवे पैसे घेतो का, ते आधी पाहा.

थेट वाटेनं वर्षाला माणशी अडीच लाख डॉलर पाठवता येतात, म्हणजे मर्यादेचा प्रश्नच नाही. वर्षाला दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (कराची आगाऊ वसुली) कापते, तो विवरणपत्रात वळता होतो. खरा खर्च लहान रकमेचा. पाच हजार पाठवायला शुल्क आणि विनिमय दरातला फरक धरून हजार गेले, तर वीस टक्के पहिल्याच दिवशी बुडाले. दुसरं, अमेरिकेत नोंदलेले फंड ६०,००० डॉलरच्या वर गेले आणि धनी वारला, तर तिथला वारसा कर लागतो, चढत चढत ४० टक्क्यांपर्यंत. आयर्लंडमध्ये नोंदलेले फंड घेतले तर तो टळतो. बाहेर जायचंच असेल तर तेच घ्या.

शिवाय विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची अनुसूची भरायची, तीही जानेवारी ते डिसेंबर या हिशेबानं. ती चुकवली तर २०१५ च्या काळा पैसा कायद्यात दहा लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला दंडातून सूट मिळाली, भरण्यातून नाही.

करात मात्र दोन्ही वाटा जवळजवळ सारख्या: साधा फंड इथला असो वा बाहेरचा, २४ महिन्यांनंतर नफ्यावर साडेबारा टक्के. निफ्टीच्या (भारतातल्या ५० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाच्या) फंडाला मिळणारी सव्वा लाखाची सूट दोन्हीकडे नाही.

एक गोष्ट फक्त आपल्या गोव्याची. भाचीचं लग्न ठरलंय. इथल्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत अर्धं-अर्धं दाखवावं लागतं. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ५अ होतं ते हेच. फंडाचा नफाही त्यात आला. अशा जोडप्याला आयटीआर-१ हा विवरणपत्राचा सोपा नमुना चालतच नाही, तेव्हा थेट वाटेसाठी आयटीआर-२ हा मोठा नमुना भरावा लागेल ही भीती तिला तरी नको. मात्र कुठलीही वाट धरली तरी नवऱ्याला पहिल्या दिवसापासून हिशेब ठाऊक हवा.

मी तिला सात हजार निफ्टीच्या इंडेक्स फंडात आणि तीन हजार इथल्याच परदेशी फंडात घालायला सांगितलं, दोन्ही डायरेक्ट प्लॅनमध्ये (मध्ये एजंट नसलेल्या). वर्षाला तीन-चार लाख एकरकमी बाहेर पाठवण्याइतकी ऐपत झाली, की तेव्हा आयर्लंडवाला सगळ्या जगाचा फंड बघू. तिचा पगार पाच तारखेला होतो, एसआयपी सातची लावली आहे.