भाड्याच्या गाडीची स्टेपनी आणि आमचे तीन हजार डॉलर

गेल्या जुलैत आमचे तीन हजार डॉलर बुडाले. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण गाडी भाड्याने देणाऱ्या माणसामुळे माझे सत्तरीतले वडील आणि दहा वर्षांची मुलगी रेंज नसलेल्या वाळवंटात अडकून पडली, ते डोक्यातून जात नाही. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आणि मुलांकडे फिरायला येणाऱ्या आपल्या लोकांनी हे जरूर वाचावं.

आम्ही ॲडलेडला राहतो. बाबा सांगलीहून आले होते. उभी हयात त्यांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली. त्यांना ऊडनाडाटा ट्रॅक दाखवावा असं माझ्या मनात होतं. मारीपासून मार्लापर्यंतचा हा साधारण ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता १९८० साली बंद पडलेल्या जुन्या घान रेल्वेच्या कडेकडेने जातो. अफगाणिस्तान, बलुचिस्तान आणि तेव्हाच्या हिंदुस्थानातून आलेल्या उंटवाल्यांनी एकेकाळी या भागात माल पोचवला. मारीत त्यांची वस्तीच होती. हे ऐकल्यापासून बाबांनी ध्यास घेतला होता.

भाड्याने गाडी देणाऱ्या बहुतेक कंपन्या कच्च्या रस्त्याला परवानगी देत नाहीत. म्हणून मी ऑनलाइन जाहिराती चाळत होतो. एकात फोर-व्हील ड्राइव्ह, 'वाळवंटासाठी पूर्ण तयार', सॅटेलाइट फोनसकट. फोन केला तर पलीकडून थेट मराठी. "सांगलीचे का? माझं आजोळ मिरजेचं हो!" गाडी आणायला गेलो तेव्हा त्याने बाबांना वाकून नमस्कार केला, हिला वहिनी म्हणाला. डिपॉझिट तीन हजार, तेही बँक ट्रान्सफरने. कार्ड चालणार नाही म्हणाला. करार नऊ पानी इंग्रजी होता. मी वाचायला घेतला तसा म्हणाला, "दादा, आपल्या माणसांत कसला करार? कच्चा रस्ता चालतो, मी सांगतोय ना." मी सही केली. स्टेपनी बघायची का, असं बाबांनी विचारलं होतं. "काका, नवीकोरी आहे," म्हणाला, आणि तीवर चढवलेलं कव्हरही काढू दिलं नाही.

वाटेतल्या विल्यम क्रीक गावाच्या पुढे साठेक किलोमीटरवर मागचं डावं टायर फाटलं. तिथला रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा, लाटालाटांचा, आणि कडेला सुरीसारखे धारदार दगड. टायर फाटणं तिथे नेहमीचंच, त्याचा दोष मी कुणाला देत नाही. आम्ही स्टेपनी चढवली. दहा-बारा किलोमीटरवर तीही गेली.

बाबा खाली बसले. बाजूच्या रबरावर नखाने ओरखडा काढला, तर काळा चुरा हातात आला. मग त्यांनी रिमजवळचे चार आकडे दाखवले: २२१०. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०१० सालच्या बाविसाव्या आठवड्यातलं टायर. "रबर मेलंय रे हे," एवढंच बोलले. हे आकडे प्रत्येक टायरवर असतात, आपल्याकडेही. गाडी ताब्यात घेताना स्टेपनीवरचे आधी वाचा.

सॅटेलाइट फोन सुरू झाला, पण नंबर फिरवला की लगेच तुटायचा. कनेक्शनच बंद होतं. त्यामुळे असा फोन घेतलात तर मालकासमोर, उघड्यावर उभं राहून त्यावरून स्वतःच्या मोबाईलला एकदा रिंग देऊन बघा. पीएलबी नावाचं छोटं यंत्रही मिळतं. बटण दाबलं की उपग्रहामार्फत बचाव यंत्रणेला आपली जागा कळते. तेही आमच्याकडे नव्हतं.

पाणी वीस लिटर होतं. तेवढं एक शहाणपण आम्ही केलं होतं, आणि गाडी सोडून कुणीही चालत निघालो नाही. जुलै म्हणजे तिकडचा हिवाळा, म्हणून निभावलं. याच रस्त्यावरच्या ऊडनाडाटा गावात २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलंय. मुलगी सारखी विचारत होती, "आजोबा, कुणी येईल ना?" साडेचार तासांनी कॅरॅव्हॅन घेऊन निघालेलं एक वयस्कर जोडपं थांबलं. त्यांनी मला ऊडनाडाटापर्यंत नेलं. तिथून टायर घेऊन परत येईपर्यंत रात्र झाली. थंडी मी म्हणत होती. बाबा नातीला शालीत गुंडाळून मागच्या सीटवर बसले होते.

ॲडलेडला पोचून गाडी परत दिली तेव्हा तो माणूस मराठी विसरलाच. इंग्रजीत म्हणाला, करारातलं सातवं पान बघा, फक्त डांबरी रस्ता. नियम मोडलात, विमा लागू नाही, गाडीचा तळ खरवडलाय, डिपॉझिट मिळणार नाही. तळाचे जे फोटो त्याने दाखवले त्यांत ओरखड्यांवर गंज होता. चार दिवसांत वाळवंटात एवढा गंज चढत नाही, हे बाबांनी क्षणात ओळखलं. पण निघताना आम्ही फोटो काढले होते ते फक्त दारांचे आणि बंपरचे. वाकून खालचे काढलेच नाहीत. कार्डाने पैसे भरले असते तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, तरी मागता आला असता.

इथल्या ग्राहक खात्याकडे तक्रार केली आहे. त्याच्या "कच्चा रस्ता चालतो"चा माझ्याकडे एकही लेखी पुरावा नाही. सगळं तोंडी, आणि मराठीत. एक मेसेज मागितला असता तरी आज काम झालं असतं.

परवा तीच गाडी वेगळ्या नावाने जाहिरातीत दिसली. मागच्या नंबर प्लेटच्या वर उजवीकडे मुठीएवढा पोचा आहे, त्यावरून ओळखली. स्टेपनीवर तेच कव्हर आहे.