समुद्री शेवाळाचं टॉनिक, वाघ्या घेवड्यावर

आमचं कोरेगावकडचं कोरडवाहू रान. घेवडा ऐन फुलात आला आणि पावसानं अठरा दिवस दडी मारली. दुकानदाराच्या भरवशावर बाटली आणली. पंधरा लिटरच्या पंपाला 30 मिली, दोन फवारण्या. मुद्दाम चार ओळी कोऱ्या ठेवल्या.

फवारलेल्या ओळींत फूलगळ कमी, शेंगेत चार-पाच दाणे. कोऱ्या ओळींत दोन-तीन, तेही सुरकुतलेले. शिजवून पाहिला. फवारलेला तीन शिट्ट्यांत मऊ, कोरा पाचव्या शिट्टीलाही वातड. कोरा बघून सासूबाई म्हणाल्या, "ह्यो जनावरांस्नी घाल."

बाटलीवर 'प्रथिने वाढतात' छापलंय, ते मला पटत नाही. पाण्याचा ताण बसला की दाण्यात पिठूळ भाग कमी भरतो, मग प्रथिनांचा टक्का नुसताही वाढलेला दिसतो. पण पोत्यात माल कमी, म्हणजे एकूण प्रथिनं कमीच की! टॉनिकानं दाणा भरला, एवढं खरं. पाऊस काही त्यानं पाडला नाही.

झाकण गळकं, पिशवीला दोन दिवस मासळीबाजाराचा वास. 2021 पासून अशी टॉनिकं खत नियंत्रण आदेशात आलीत, तेव्हा पक्कं बिल मागाच. मला कच्च्या चिठ्ठीवर वाटेला लावलं. पाचात साडेतीन.