विंडोजचं जुनं रिटेल लायसन्स नव्या पीसीवर: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

२०१७ साली मी विंडोज १० प्रोचा डबा विकत घेतला, तेव्हा ओळखीच्यांनी मला वेड्यात काढलं होतं. त्याच डब्यातल्या २५ अक्षरांच्या कीवर (विंडोज ॲक्टिव्हेट करायच्या कोडवर) आज माझा दुसरा पीसी चालतोय. मधल्या काळात या दुसऱ्या पीसीचा मदरबोर्डही बदलून झाला. त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

जुना पीसी इंटेलच्या सहाव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा. माझं काम डीटीपीचं, म्हणजे लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, निवडणूक आली की पत्रकं. त्या कामाला तो पुरत होता. पण विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय) लागतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. गिऱ्हाइकांच्या फायली अशा मशीनवर ठेवणं मनाला पटेना. दिवाळीच्या तोंडावर नागपूरच्या बर्डीवरून सुटे भाग घेऊन रायझन प्रोसेसरचा पीसी बांधून घेतला. नंतर रॅमचे भाव जे काही चढले, ते बघता मुहूर्त बरा साधला म्हणायचा.

पीसी जोडून देणारा पोरगा म्हणाला, "भाऊ, जुनी की नाही चालत नव्या बोर्डावर. मी टाकून देतो ना विंडोज, ॲक्टिव्हेट करूनच देतो."

"काहून नाही चालत?" म्हटलं, तर हसला नुसता.

हे "टाकून देतो" प्रकरण काय असतं ते माहीत असावं. बहुतेक वेळा त्यात केएमएसची नक्कल करणारा ॲक्टिव्हेटर असतो. केएमएस ही मुळात कंपन्यांच्या ऑफिसांसाठीची सोय, तिची मुदत १८० दिवसांची. नकली ॲक्टिव्हेटर मागच्या दाराने ती मुदत वाढवत बसतो, आणि त्यासाठी अँटिव्हायरसला एक फोल्डर तपासू नको म्हणून सांगून ठेवतो. आपल्याकडे काय टाकलंय हे बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, मग एक जागा सोडून स्लॅश एक्सपीआर टाका. कायमचं ॲक्टिव्हेशन असेल तर तसं स्पष्ट लिहून येतं. तारीख आली तर समजून जा.

तो पोरगा अगदीच चूक होता असंही नाही. लायसन्स ओईएम, म्हणजे मशीनबरोबरच आलेलं, असेल तर ते पहिल्या मदरबोर्डाला बांधलेलं असतं. बिघडलेला बोर्ड बदलला तर तेवढी सूट आहे, पण नव्या पीसीवर ते नेता येत नाही. लॅपटॉपची की तर बायोसच्या चिपमध्येच असते, म्हणून मेलेल्या लॅपटॉपचं विंडोज दुसरीकडे न्यायचा विचार सोडून द्यावा. रिटेल, म्हणजे माझ्या डब्यासारखं वेगळं विकत घेतलेलं लायसन्स मात्र हलवता येतं, अट एकच: एका वेळी एकाच पीसीवर. आपलं कोणतं, हे त्याच कमांडला स्लॅश डीएलव्ही लावलं की कळतं. माझ्या खिडकीत रिटेल चॅनल असं आलं, आणि आठ वर्षांपूर्वीचे पैसे तिथेच वसूल झाले.

प्रत्यक्ष काम थोडंसंच. जुन्या मशीनवर स्लॅश यूपीके देऊन की काढली. याने की फक्त त्या मशीनवरून जाते, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला कोणी कळवत नाही. नव्या पीसीवर विंडोज ११ टाकताना प्रो निवडलं. इथे होम निवडलं असतं तर प्रोच्या कीने आधी अपग्रेड करत बसावं लागलं असतं. मग डब्यातल्या कार्डावरची की घातली. विंडोज १० ची की ११ ला चालते. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्ह दिसलं आणि विषय संपला. जुन्या पीसीवर लिनक्स मिंट टाकून तो भाच्याला दिला. त्याला अभ्यासापुरता चांगला चालतोय.

नंतरचे महिने लायसन्स आहे हे विसरूनच गेले. एसएसडी वाढवली, ग्राफिक कार्ड बदललं, विंडोजने हूं की चूं केलं नाही.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. एका संध्याकाळी वादळ आलं, लाइट तीनदा गेली-आली आणि बोर्ड बसला. वॉरंटीत बदलून मिळाला, पण त्यात बरेच दिवस गेले, तो वेगळाच ताप. नवा बोर्ड लागल्यावर पहिल्याच स्क्रीनवर निळा पडदा आणि ४८ अंकी रिकव्हरी कीची मागणी! मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की विंडोज ११ चं नवं इन्स्टॉलेशन ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट करतं, आणि कुलूप टीपीएमशी जोडलेलं असतं. बोर्ड बदलला म्हणजे टीपीएमही बदललं. ही रिकव्हरी की अकाउंटवर साठवलेली असते. तिचा प्रिंटआउट घरपट्टीच्या पावत्यांच्या फायलीत होता, बायकोने तो दोन मिनिटांत काढून दिला. एकेक अंक वाचून दाखवायचं कामही तिचंच. लॉगिनचा पिनही चालेना, तो नव्याने करावा लागला.

मग ॲक्टिव्हेशन गेल्याचा निरोप. सेटिंग्जमधल्या ट्रबलशूटरमध्ये "नुकतंच हार्डवेअर बदललं" हा पर्याय निवडला की अकाउंटवरच्या मशीनांची यादी येते. पीसीला नीट नाव दिलेलं असलं तर तिथे शोधायला सोपं जातं, नाहीतर सगळी नावं डेस्कटॉप आणि पुढे आकडे अशीच. आपलं नाव निवडून ॲक्टिव्हेट दाबलं, झालं.

रिटेल महागच आहे, त्यात वाद नाही. दोन-तीन वर्षांनी लॅपटॉपच बदलणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. पण असेंबल्ड पीसी वापरणाऱ्याने, त्यातही जिथे उन्हाळ्यात लाइटचा भरवसा नाही तिथे, घ्यावं. पाच-सातशेत ऑनलाइन मिळणाऱ्या की मला तरी नकोत. त्या कुठल्या चॅनलच्या निघतील ते विकणाराही सांगत नाही. आणि हो, डब्यातल्या कार्डाचा फोटो काढून ठेवा, त्याची शाई फिकट व्हायला लागलीय.