पाचट काळं पडलं म्हणजे कुजलं असं नाही! खोडवा ठेवणाऱ्यांनो, सावध राहा

आमच्या कृष्णाकाठी ऊस तुटून गेला आणि बुडख्यांतून पुन्हा फुटणारा खोडवा ठेवला की पाचट (उसाची वाळलेली पानं) कुजवायची पावडर विकणारे बांधाबांधावर फिरायला लागतात. यंदा त्यांनी एकरी 4,500 रुपये घेऊन मला फसवलं, गावातल्या आणखी काही जणांनाही.

त्यांनी दोन टोपल्या आणल्या होत्या. एकीत साधं पाचट, दुसरीत "आठ दिवसांत कुजलेलं" काळंभोर. लाकूड कुजवणारी बुरशी आहे, दिल्लीच्या पुसा संस्थेचं तंत्र आहे, युरिया लागत नाही, असं ठासून सांगितलं.

महिना उलटला तरी सरीतलं पाचट पायाखाली करकर वाजत होतं. वरून काळं दिसायचं, पण पान चोळलं की रंग बोटांना लागायचा आणि आतलं पान तसंच पिवळं, चिवट. पावडर कृषी महाविद्यालयात तपासायला दिली. तिच्यात पाचट कुजवणारी जिवंत बुरशी सापडलीच नाही.

खरी पांढरी कूज करणारी बुरशी, उदाहरणार्थ फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम, पाचटातलं लिग्निन, म्हणजे पान चिवट करणारा घटक, तेही फोडते. ओलाव्यात आधी कांड्या-पानांवर पांढरे तंतू दिसतात, पाचट फिकट आणि मऊ पडतं. काळपटपणा येतो तो नंतर, खत होताना. म्हणून पावडर घ्यायच्या आधी ओल्या पाचटावर मूठभर टाकून, झाकून, सावलीत ठेवून बघा. तंतू येण्याऐवजी नुसताच रंग उतरला तर विकणाऱ्याला बांधावरूनच परत पाठवा.

युरिया नको म्हणणाऱ्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नका. पाचटात नत्र (नायट्रोजन) फार कमी असतं. म्हणून टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो जिवाणू संवर्धक अशी शिफारस आहे. युरिया टाळला तर खरी बुरशीसुद्धा जमिनीतलं नत्र ओढून घेते आणि खोडवा पिवळा पडतो. पुसाच्या बुरशीच्या कॅप्सूल आल्या त्या भाताच्या पेंढ्यासाठी. त्या गूळ-बेसनाच्या पाण्यात वाढवाव्या लागतात आणि तिथेही 20 ते 25 दिवस धरतात, आठ नव्हे.

मला पैशापेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. शेजारच्या भावकीतल्या काकांनी यंदा पहिल्यांदाच पाचट न जाळता ठेवलं होतं. तेही याच पावडरीला फसले आणि वैतागून त्यांनी शेवटी काडी लावली. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं, त्यातला सेंद्रिय कर्ब धुरात गेला. आता त्यांना पुन्हा समजवायचं कोणत्या तोंडाने?

विकणाऱ्यांचा फोन बंद आहे. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली, तेव्हा त्यांनी पक्कं बिल आणि लॉट नंबर मागितला. आमच्यातल्या बहुतेकांकडे चिठ्ठीवर लिहिलेली रक्कम तेवढी आहे. तुमच्याकडे अशी पावडर आली असेल तर रिकामी पोती फेकू नका, लेबलचा फोटो काढून ठेवा आणि थोडी पावडर बरणीत बंद करून ठेवा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.