रिकाम्या खोक्याचे २,८५० रुपये

लिहू की नको यात तीन आठवडे गेले. लिहिलं की चारचौघांत हसं होणार. होऊ दे. ६,३५० रुपये गेलेच आहेत, आता अब्रू कुठे राखत बसू?

मे महिन्यात कात्रजच्या जुन्या घाटात गाडीचा तापमानाचा काटा लालपर्यंत चढला. गार होईस्तोवर कडेला थांबलो आणि कशीबशी सिंहगड रस्त्याच्या एका गल्लीतल्या गॅरेजपर्यंत आणली. शेठने बॉनेट उघडून हात फिरवला. "इंजिन तापलंय आणि रेडिएटरचा वरचा पाइप नुसता कोमट. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय साहेब." (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप.) निदान शंभर टक्के बरोबर होतं. त्याचाच जास्त राग येतो. लबाडाला काम येत होतं!

हिशेब असा: थर्मोस्टॅट २,८५०, कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) १,१००, रेडिएटर फ्लशिंग ९००, मजुरी १,५००. बिल म्हणजे वहीतलं फाडलेलं पान, त्यावर ना नाव ना शिक्का. पैसे 'मेव्हण्याच्या नंबरवर टाका' म्हणाला, मी टाकले.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तर तिथल्या पोराने एक खोका हातात दिला. निळा, कडा चेपलेल्या, वर ग्रीसच्या अंगठ्याचा ठसा. "ओरिजिनल पार्ट टाकलाय काका." मी खोका उलटासुलटा केला, मान डोलावली आणि डिकीत टाकला. वाचला नाही. चष्मा खिशातच होता, काढायचा कंटाळा केला. जुना पार्ट मागितला तर "भंगारात गेला". दुपारी काढलेला पार्ट संध्याकाळपर्यंत भंगारात कसा जातो, हे विचारायला हवं होतं. पण तेवढ्यात चहा आला. चहा पाजणाऱ्या माणसावर संशय घ्यायचा म्हणजे मलाच ओशाळल्यासारखं होतं.

मी काही अडाणी नाही, २२ वर्षं गाडी चालवतोय. पण टायर बदलला तर दिसतो, हा पार्ट इंजिनाच्या पोटात. शिवाय काटा परत चढलाच नाही. उलट अर्ध्यापर्यंतही येईना, तर मी ऑफिसात सांगत सुटलो की गाडी बर्फासारखी चालते. दोघांना गॅरेजचा नंबरही दिला. मग अ‍ॅव्हरेज १५ वरून १२ वर आलं. मी पेट्रोल पंपवाल्याला शिव्या घातल्या. जुलैत ताम्हिणीत काच धुकली म्हणून हीटर लावला, तर गार वारा. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

रविवारी पार्किंगमध्ये, इंजिन पूर्ण गार असताना (गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, तोंड भाजतं) १० नंबरच्या पान्याने हाउसिंगचे (थर्मोस्टॅट बसतो त्या कप्प्याचे) दोन बोल्ट काढले. आत थर्मोस्टॅटच नाही! जुना काढला, नवा बसवलाच नाही. आणि कूलंट म्हणून नळाचं गढूळ पाणी. थर्मोस्टॅट नसला की पाणी सारखं रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन हवं तेवढं तापत नाही, कंप्युटर जास्त पेट्रोल सोडतो. आता चष्मा लावून खोका वाचला. तो भलत्याच कंपनीच्या डिझेल गाडीच्या पार्टचा निघाला.

शेठ म्हणाला, "आपल्याकडच्या उन्हात थर्मोस्टॅट लागतच नाही." मग २,८५० कशाचे? त्यावर फोन बंद. चौकीत गेलो. साहेबांनी मोबाइलवरून मान वर न करता विचारलं, "पार्ट त्यांनी बसवला नाही की तुम्हीच काढलात?" पुरावा काय, तर मीच उघडलेलं इंजिन! आधी व्हिडिओ काढा, मग पान्याला हात लावा. वर साहेबांनी सांगितलं, हा दिवाणी मामला. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, १८ दिवसांनी 'तक्रार निकाली' असा मेसेज. कोणी, कधी, कशी निकाली काढली? परत फोन केला तर बाई म्हणाल्या, पक्कं बिल अपलोड करा. पक्कं बिल असतं तर मी तुम्हाला कशाला फोन केला असता? जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हे मला एका वकील मित्राने सांगितलं, यांच्यापैकी कोणी नाही.

नाना पेठेत तोच पार्ट ७४० ला मिळाला. बसवण्याआधी घरी तपासला, आता विश्वास उरलेला नाही. दुधाच्या पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने लोंबता थर्मोस्टॅट (बुडाला टेकू देऊ नका) आणि थर्मामीटर. थर्मोस्टॅटवर ८२ (उघडण्याचे अंश) कोरलेलं होतं. पाणी तेवढं तापलं आणि झडप दाणाभर उघडली, मग उघडतच गेली. पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. तोवर जो हलला नाही तो मेलेला समजा. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. काम अर्ध्या तासाचं. बायकोने ते पातेलं परत स्वयंपाकघरात घेतलेलं नाही.

ज्या दोघांना नंबर दिला होता, त्यांतल्या एकाने गाडी तिथेच दाखवली होती. त्यालाही निळा खोका मिळालाय. उद्या संध्याकाळी पाना घेऊन त्याच्याकडे जातोय.