जुनं पीएचपी नव्या उबंटूवर: पीपीए घ्यावं की डॉकर?

आमच्या गावच्या वाचनालयाचं पुस्तक देवघेवीचं सॉफ्टवेअर वेबसाइटी लिहायच्या पीएचपी भाषेच्या पाचव्या आवृत्तीच्या, म्हणजे पीएचपी ५ च्या जमान्यातलं. उबंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या १४.०४ आवृत्तीच्या मशीनवर ते वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं. मग मदरबोर्ड गेला आणि नवं मशीन आलं ते उबंटू २२.०४ घेऊन. त्यात पीएचपी ८.१, आणि डेटाबेस सांभाळणारं मायएसक्यूएल ८.०. आपल्या कोडमध्ये मात्र पानोपानी 'मायएसक्यूएल_कनेक्ट' (डेटाबेसशी जोडणारं फंक्शन) आणि 'इरेग' (मजकुरात नमुना शोधणारं), आणि ही दोन्ही कुटुंबं डिसेंबर २०१५ च्या पीएचपी ७.० मध्येच हद्दपार झालेली.

कोड नव्याने लिहायला हवा, याबद्दल वाद नाही. माझं ते काम सुरूही आहे, संध्याकाळचा वेळ काढून. पण सभासद काही तोवर थांबणार नव्हते. म्हणून प्रश्न एवढाच उरला की मधल्या काळापुरतं जुनं पीएचपी नव्या मशीनवर चालवायचं कसं. पीपीएमधून, म्हणजे उबंटूबाहेरच्या कोणी चालवलेल्या पॅकेजांच्या भांडारातून, पीएचपी ५.६ थेट उबंटूवर बसवायचं, की अख्खं बिऱ्हाड डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनच्या बाकी सॉफ्टवेअरपासून वेगळ्या बंद डब्यात, हलवायचं? मी आधी चार महिने पहिला मार्ग वापरला, नंतर दुसऱ्यावर गेलो.

पीपीएचं मोठं सुख म्हणजे काम एका दुपारीत उरकतं. ८.१ च्या शेजारी ५.६ चं एफपीएम (वेबसाइटसाठी पीएचपी चालवणारा भाग) गुण्यागोविंदाने नांदतं, वेबसर्व्हर अपाची नेहमीच्या जागी, लॉग नेहमीच्या जागी. आपल्यानंतर जो कोणी मशीन सांभाळेल त्याला नवं काही शिकावं लागत नाही. माणसं कमी आणि बदलती असतील तर या गोष्टीला खरंच किंमत आहे.

अडतं ते मायएसक्यूएल ८ शी. जोडणी करतानाच 'कॅरेक्टर सेट २५५ ओळखीचा नाही' असा संदेश येतो (कॅरेक्टर सेट म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत), कारण नव्या सर्व्हरचा डीफॉल्ट सेट यूटीएफ८एमबी४ आणि तो ज्या क्रमांकाने स्वतःची ओळख सांगतो तो पीएचपी ५.६ ला माहीतच नाही. उपाय म्हणून सर्व्हरचा सेट साधा यूटीएफ८ केला, तर जोडणी झाली पण पुस्तकांची मराठी नावं विस्कटली. आमचा जुना डेटा लॅटिन-१ च्या, म्हणजे रोमन लिपीसाठीच्या जुन्या सेटच्या रकान्यांत मराठीचे बाइट तसेच कोंबून ठेवलेला. त्या काळातल्या कितीतरी मराठी साइटांचं असंच असे. सर्व्हर लॅटिन-१ वर ठेवला तेव्हा दोन्ही दुखणी एकदम गेली. पासवर्डची नवी पद्धतही जुन्या पीएचपीला कळत नाही, त्यासाठी त्या युजरला 'मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड' द्यावा लागला.

आणखी एक. पुस्तक सभासदाकडे असेल तर आमच्याकडे परतीच्या रकान्यात ००००-००-०० अशी तारीख पडते. जुन्या डेटाबेसचा डंप, म्हणजे उतरवलेली प्रत, सुखरूप चढला, म्हणून मी निर्धास्त होतो. पण काउंटरवरून पहिलं पुस्तक द्यायला गेलो तर 'चुकीची तारीख' म्हणून नोंद नाकारली. मायएसक्यूएल नोंदी किती कडक तपासतं ते ठरवणारा एसक्यूएल मोड सैल केल्यावर देवघेव सुरू झाली.

हे सगळं एकदाच करायचं होतं, त्यामुळे त्याची माझी तक्रार नाही. माझं मन फिरलं ते क्रॉनमुळे, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीमुळे.

रात्री १ वाजता मुदत उलटलेल्या पुस्तकांची यादी तयार होते. सकाळी ग्रंथपाल बाई ती छापतात आणि एकेका सभासदाला फोन लावतात. एका सोमवारी त्यांनी विचारलं, "सर, यादी येत नाहीये का हल्ली?" पाहिलं तर नऊ दिवसांत एकही यादी निघाली नव्हती. वेबसाइट मात्र ठणठणीत, काउंटरवर रांग लागलेली, कुठे काही बिघडल्याची खूण नाही.

झालं होतं असं: दुसऱ्या एका साधनाला लागतं म्हणून त्याच्यासोबत कमांडलाइनचं नवं पीएचपी मशीनवर आलं होतं. 'पीएचपी' हे नुसतं नाव म्हणजे एक दुवा असतो, आणि तो आपोआपच्या पद्धतीवर असेल तर सगळ्यात वरच्या आवृत्तीकडे वळतो. वेबसाइट ५.६ च्या एफपीएमवर, म्हणून शाबूत. क्रॉनची स्क्रिप्ट ८ वर गेली आणि पहिल्याच ओळीत कोसळली. क्रॉन आपला आक्रोश मेलने कळवतं, पण मशीनवर मेलची सोयच नव्हती, तेव्हा तोही हवेत विरला.

इलाज सोपा आहे. 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज'ने दुवा ५.६ ला बांधून टाकायचा, किंवा क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलमध्ये) ५.६ ची पूर्ण वाट, म्हणजे पाथ, लिहायची. मी दोन्ही केलं. पण त्यानंतर प्रत्येक अपडेटच्या वेळी माझा हात अडखळायला लागला. म्हाताऱ्या प्रोग्रामसाठी मी नव्या मशीनची सुरक्षा अपडेटं पुढे ढकलतोय, हे लक्षात आलं त्याच आठवड्यात डॉकर बसवलं.

डॉकरची सुरुवात जास्त त्रासाची आहे, हे आधीच सांगतो. पीएचपी ५.६ ची अधिकृत इमेज (ज्यातून कंटेनर उभा राहतो तो तयार साचा) डेबियन ९ या जुन्या लिनक्सवर उभी आहे आणि त्याची पॅकेजं आता अर्काइव्हमध्ये गेलीत. ओळखपत्रांच्या फोटोंसाठी जीडी हे चित्रं हाताळणारं एक्स्टेन्शन हवं होतं, तर आधी रिपॉझिटरीचे पत्ते बदलावे लागले. कोडमधलं 'लोकलहोस्ट' (म्हणजे 'इथलंच मशीन') काढून डेटाबेसच्या कंटेनरचं नाव घालावं लागलं. कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, त्यामुळे रात्री १ वाजता आत अजून आदला दिवसच चालू. यादी एक दिवस मागची निघायची. टाइमझोन 'एशिया/कोलकाता' केल्यावर ती जाग्यावर आली. आणि पोर्ट उघडताना खास जपा: डॉकरने उघडलेलं पोर्ट यूएफडब्ल्यूच्या (उबंटूच्या फायरवॉलच्या) नियमांना वळसा घालून जातं. मी ते १२७.०.०.१ ला, म्हणजे फक्त त्याच मशीनला, बांधून पुढे एनजिनएक्स हा वेबसर्व्हर ठेवलाय.

शेजारच्या कंटेनरमध्ये मायएसक्यूएल ५.५ आहे. तिथे मुळातच सगळं लॅटिन-१, शून्य तारखाही चालतात, त्यामुळे वर सांगितलेली निम्मी कसरत गळून पडली.

सुरक्षिततेत मला दोघांत फार फरक वाटत नाही. पीएचपी ५.६ चा अधिकृत आधार ३१ डिसेंबर २०१८ ला संपलाय, कंटेनरमध्ये घातल्याने ते तरुण होत नाही. आमचं फक्त वाचनालयाच्या आतल्या नेटवर्कवर चालतं. तुमचं इंटरनेटवर उघडं राहणार असेल तर दोन्ही मार्ग सोडा आणि आधी कोड बदला.

तुमच्याकडे क्रॉन नसेल, पानं मोजकी असतील आणि सहाएक महिन्यांत नवा कोड येणार असेल, तर पीपीएने भागेल, विनाकारण डॉकर शिकायला नको. पण रात्रीची कामं असतील आणि मशीनवर बाकीही काही चालत असेल, तर माझा कौल डॉकरला. गेल्या सव्वा वर्षात मी उबंटूची सगळी अपडेटं वेळच्या वेळी घेतली आणि यादी एकदाही चुकली नाही. तयार झालेल्या दोन्ही इमेजेस 'डॉकर सेव्ह'ने फाइलमध्ये उतरवून कार्यालयाच्या कपाटातल्या हार्डडिस्कवर ठेवल्यात, दाखल पुस्तकाच्या रजिस्टरशेजारी.