गुडघ्याचे लिगामेंट तुटलेल्या कबड्डीपटूने आधी शस्त्रक्रिया करावी की आधी व्यायाम?

दिवाळी आटोपली की रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत गावोगावचे कबड्डीचे सामने सुरू होतात आणि शिमग्यापर्यंत, काही ठिकाणी तर पाऊस तोंडाशी येईपर्यंत, चालूच राहतात. याच काळात अस्थिरोगतज्ज्ञांकडे गुडघा सुजलेली तरुण मुले-मुली येऊ लागतात. बोनस घेऊन मागे वळताना पाय रोवलेलाच राहिला आणि अंग फिरले, किंवा मांडीची पकड बसलेली असताना मध्यरेषेकडे झेपावताना गुडघा आत वाकला, असे साधारण वर्णन असते. कटकन आवाज झाल्याचेही अनेक जण सांगतात. काही तासांत गुडघा टरारून सुजतो. एक्स-रेत हाड शाबूत दिसते, म्हणून मुका मार समजून पट्टा बांधला जातो. दोन-तीन आठवड्यांत सूज ओसरते, खेळाडू पुन्हा मैदानात उतरतो आणि पहिल्याच वळणाला गुडघा सटकतो. मग एमआरआय होतो आणि एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतले पुढचे तिरके लिगामेंट, पूर्ण तुटल्याचे कळते. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, ही साधी गोष्ट प्रत्येक मंडळाच्या प्रशिक्षकाला ठाऊक असायला हवी. मार लागल्याच्या दिवशीच भराभर सुजलेला गुडघा तज्ज्ञाने हाताने तपासल्याशिवाय त्या खेळाडूला पुन्हा चढाईला पाठवू नये.

निदान झाल्यावर घरच्यांपुढे दोन मार्ग असतात. पहिला म्हणजे लवकर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करून नवे लिगामेंट बसवणे. दुसरा म्हणजे किमान तीन महिने फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पद्धतशीर व्यायाम करणे आणि गुडघा तरीही सटकत राहिला तरच शस्त्रक्रिया करणे. पहिला मार्ग म्हणजे पक्का इलाज आणि दुसरा म्हणजे चालढकल, अशी समजूत सर्वत्र आढळते आणि ती चुकीची आहे. दोन्ही मार्गांत मांडीच्या स्नायूंवर महिनोन्‌महिने मेहनत करावीच लागते. शस्त्रक्रियेने ती मेहनत वाचत नाही, उलट वाढते, कारण शस्त्रक्रियेनंतर मांडी काही आठवड्यांतच बारीक होते आणि ती पुन्हा उभी करावी लागते.

या प्रश्नावर काळजीपूर्वक झालेले तीन अभ्यास निर्णय घेणाऱ्याने समजून घेण्यासारखे आहेत. स्वीडनमध्ये 121 तरुण, खेळत्या माणसांना दोन गटांत विभागून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनंतर वेदना, हालचाल आणि खेळण्याची क्षमता यांत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. व्यायामाने सुरुवात केलेल्यांपैकी 51 टक्के लोकांनी पाच वर्षांपर्यंत कधीतरी शस्त्रक्रिया करून घेतली, म्हणजे उरलेल्या जवळजवळ निम्म्यांना तिची गरज भासली नाही. नेदरलँड्समध्ये 167 रुग्णांवर झालेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही व्यायामाच्या गटातील निम्म्यांनी दोन वर्षांत शस्त्रक्रिया केली. तिथे लवकर शस्त्रक्रिया झालेला गट किंचित सरस ठरला, पण तो फरक रुग्णाला रोजच्या आयुष्यात जाणवेल इतका मोठा आहे का, याबद्दल संशोधकांनीच शंका नोंदवली. ब्रिटनमधील 316 रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष 2022 साली आला आणि तो वेगळा होता. त्यातील रुग्णांची दुखापत जुनी होती व गुडघा अस्थिर राहिला होता, आणि त्यांच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा गट स्पष्टपणे पुढे राहिला.

यातून कोकणातल्या चढाईपटूने काय घ्यावे? स्वीडनच्या चाचणीत व्यावसायिक खेळाडूंना मुळातच घेतले नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तिथला रुग्ण चालतो, धावतो, हौसेने खेळतो. आपल्या चढाईपटूला तीस सेकंदांत पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे झटके देत वळायचे असते आणि सात जणांपैकी कोणीही त्याचा पाय धरणार असतो. एसीएलचे कामच मुळी नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि वळताना गुडघा पिळू न देणे हे आहे. त्यामुळे पूर्ण तुटलेल्या एसीएलवर पूर्वीच्याच पातळीची कबड्डी खेळण्याचा ज्याचा निर्धार आहे, त्याचा कल शस्त्रक्रियेकडे असणे रास्त आहे, असे माझे मत आहे. मात्र ज्याला यापुढे मंडळाचा संघ सांभाळायचा आहे, नोकरी-धंदा करायचा आहे, अधूनमधून हौसेने मैदानात उतरायचे आहे, त्याने तीन महिने मनापासून व्यायाम केल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये.

या सगळ्याहून वजनदार मुद्दा आहे तो गुडघ्यातल्या गादीचा, म्हणजे मेनिस्कसचा. एमआरआयचा अहवाल हातात आला की घरचे लोक लिगामेंटची ओळ वाचतात आणि थांबतात. गादीबद्दल काय लिहिले आहे ते तितक्याच काळजीने विचारले पाहिजे. गादीचा फाटलेला तुकडा सांध्यात अडकून गुडघा सरळच होत नसेल, किंवा टाके घालून वाचवता येण्याजोगी गादी फाटलेली असेल, तर व्यायाम करून पाहू असे म्हणत बसण्यात अर्थ नाही. तिथे शस्त्रक्रिया लवकर व्हावी. गादी शाबूत असेल तर थांबता येते, पण एकाच अटीवर, ती म्हणजे गुडघा सटकता कामा नये. प्रत्येक वेळी गुडघा सटकताना गादी आणि कूर्चा भरडली जाते, आणि चाळिशीच्या आत गुडघ्याची झीज सुरू होण्यामागे गादीचे हे नुकसान मोठे कारण असते. शस्त्रक्रिया केली म्हणून पुढची झीज टळते, असे मात्र आजवर सिद्ध झालेले नाही.

न सटकू देणे ही अट शहरातल्या माणसापेक्षा कोकणात पाळायला अवघड आहे. इथे व्यायामाचा मार्ग निवडलेला खेळाडू जूनमध्ये लावणीला चिखलात उतरतो. चिखलात रुतलेला पाय आणि वर वळणारे अंग ही मैदानावरच्या दुखापतीचीच नक्कल आहे. पावसात शेवाळ धरलेल्या जांभ्याच्या पाखाड्या, डोक्यावर भारा घेऊन उतरायची घाटी, मासेमारीच्या होडीवर सतत हलणारी फळी, या सगळ्या जागी अस्थिर गुडघा दगा देतो. ज्याचे पोट खलाशी म्हणून चालते, तो स्पर्धात्मक खेळाडू नसला तरी त्याच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा विचार अधिक गांभीर्याने व्हावा. पावसाळ्यात त्याला शेतीच्या कामातून खरोखर सुटका मिळणार आहे का, हा प्रश्न डॉक्टर बहुधा विचारत नाहीत. तो घरच्यांनीच स्वतःला विचारावा.

शस्त्रक्रियेचा मार्ग घेतला तर नवे लिगामेंट कशापासून बनवणार, हे आधी समजून घ्यावे. मांडीच्या मागचे स्नायुरज्जू म्हणजे हॅमस्ट्रिंग घेण्याची पद्धत सर्रास आहे; त्यात गुडघ्याच्या पुढचा भाग फारसा दुखत नाही, पण मांडीच्या मागची ताकद काही प्रमाणात कमी होते. वाटीखालचा स्नायुरज्जू दोन्ही टोकांच्या हाडासकट घेतला तर तो लवकर आणि घट्ट बसतो, मात्र गुडघे टेकताना पुढे दुखण्याचा त्रास काहींना दीर्घकाळ राहतो. घोट्याची पकड करायला गुडघ्यावर झेपावणाऱ्या कोपरारक्षकाने हे आवर्जून सांगावे. हॅमस्ट्रिंग घ्यायचेच असेल, तर वळणाच्या खेळातील तरुणांसाठी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जोडआधार देण्याबद्दल शल्यविशारदाशी बोलावे. 14 ते 25 वयोगटातील 618 रुग्णांवरील चाचणीत, जिचे निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाले, असा जोडआधार दिलेल्यांपैकी 4 टक्क्यांचे नवे लिगामेंट दोन वर्षांत पुन्हा तुटले, तर न दिलेल्यांपैकी 11 टक्क्यांचे. जंतुसंसर्ग, गुडघा आखडणे, टाक्यांशेजारी बधिरपणा हे धोके कमी प्रमाणात असले तरी असतात. सूज उतरण्यापूर्वी आणि गुडघा पूर्ण सरळ होण्यापूर्वी घाईने शस्त्रक्रिया केली तर आखडण्याचा धोका वाढतो. म्हणून शस्त्रक्रिया नक्की ठरली असली तरी त्याआधीचे काही आठवडे व्यायामाचेच असतात.

बसवलेला स्नायुरज्जू लगेच लिगामेंट होत नाही. त्याचा मूळ रक्तपुरवठा तुटलेला असतो, शरीर त्यात हळूहळू नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी घालते, आणि या बदलाच्या सुरुवातीच्या महिन्यांत तो बसवला त्या दिवसापेक्षाही कमकुवत असतो. नेमके तेव्हाच दुखणे थांबलेले असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मुलगा न लंगडता चालतो, जिना उतरतो, मोटारसायकल चालवतो, आणि मंडळाचे लोक विचारू लागतात की आता का नाही उतरत. या प्रश्नाला नाही म्हणण्याची जबाबदारी एकट्या खेळाडूवर टाकू नये. ती प्रशिक्षकाने उचलावी. डेलावेअर आणि ओस्लो येथील संशोधकांनी 2016 साली 106 खेळाडूंबद्दल प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत परतणे जितके महिने लांबवले त्यातील दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण 51 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. ताकद आणि लंगडी-उड्यांच्या चाचण्या पार न करता परतलेल्यांपैकी 38.2 टक्के पुन्हा जखमी झाले. पार करून परतलेल्यांपैकी 5.6 टक्के.

हे नऊ महिने आपल्या हंगामात कुठे बसतात, तेही पाहावे. डिसेंबरात दुखापत होऊन जानेवारीअखेर शस्त्रक्रिया झाली, तर नववा महिना ऑक्टोबरअखेर संपतो आणि दिवाळीनंतरचा हंगाम निदान विचारात तरी घेता येतो. व्यायाम करून पाहिला, जमले नाही आणि एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया केली, तर खेळाडू जानेवारीत परततो, म्हणजे गादी शाबूत असताना तीन महिने व्यायाम करून पाहण्याची किंमत अर्धा हंगाम इतकी पडते. अठरा-वीस वर्षांच्या मुलासाठी ती किंमत मला जड वाटत नाही. निवड चाचणी तोंडावर असलेल्या खेळाडूला ती जड वाटेल, हेही मान्य आहे.

आता ठिकाणाबद्दल. सिंधुदुर्गातले रुग्ण शस्त्रक्रियेसाठी गोवा किंवा कोल्हापूर गाठतात, रत्नागिरीतले कोल्हापूर किंवा मुंबई, रायगडातले पनवेल आणि मुंबई. शस्त्रक्रियेपुरते दूर जायला हरकत नाही. टाके काढून झाल्यावर तिथे वरचेवर जावे लागत नाही. फिजिओथेरपिस्ट मात्र एसटीने सकाळी जाऊन दुपारी परतता येईल इतक्या अंतरावर हवा, आणि त्याने खेळाडूंसोबत काम केलेले हवे. शल्यविशारद ठरवण्याआधी फिजिओथेरपिस्ट ठरवावा, असा माझा आग्रह आहे. आठवड्यातून एकदा त्याच्याकडे आणि बाकी दिवस घरी, अशी व्यवस्था चालते. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा पूर्ण सरळ करणे, भिंतीला पाठ लावून अर्धे बसणे, ओटीच्या पायरीवर एका पायाने चढ-उतर करणे आणि पुढे पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन तेच करणे, यासाठी जिम लागत नाही. रोजची नोंद आणि चढते वजन लागते. नुसत्या शेकाने आणि मशीनच्या करंटने मांडी भरत नाही, म्हणून जिथे तेवढेच करून घरी पाठवतात ती जागा बदलावी. मालीशवाल्याकडून गुडघा ओढून-पिळून बसवून घेणे तर पूर्ण टाळावे. खर्चाच्या बाबतीत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळते हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वीच विचारावे. फिजिओथेरपीचा आणि प्रवासाचा खर्च घरच्यांनी वेगळा धरून ठेवावा. पैसे संपले म्हणून तिसऱ्या महिन्यात व्यायाम सोडणे हे शस्त्रक्रिया वाया जाण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे, असे मला वाटते.

आणखी एक वाट गावागावांत चोखाळली जाते, ती म्हणजे गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊन, पट्टा बांधून उरलेला हंगाम काढणे. इंजेक्शनने दुखणे दबते, तुटलेले लिगामेंट जुळत नाही, आणि दुखणे दबलेल्या गुडघ्यावर गादी अधिक वेगाने फाटते. शिवाय 1 जानेवारी 2022 पासून सांध्यात दिलेली ही इंजेक्शने स्पर्धाकाळात उत्तेजकविरोधी नियमांनुसार निषिद्ध आहेत, आणि ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक 1 जानेवारी 2024 पासून. राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या मुलाला औषध देताना तो खेळाडू आहे, हे डॉक्टरांच्या कानावर घालावे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. फुटबॉल-बास्केटबॉलसारख्या वळणाच्या खेळांत मुलींना एसीएलची दुखापत मुलांपेक्षा अधिक होते, तरी निदान झाल्यावर 'आता पुरे झाला खेळ' हा निर्णय त्यांच्या वतीने घरातच होऊन जातो आणि उपचार चालता येण्यापुरते थांबतात. वर मांडलेली तुलना तिला शब्दशः लागू आहे. तिला पुन्हा खेळायचे आहे की नाही, हे तिला विचारून मगच मार्ग निवडावा, आणि खेळायचे नसले तरी सटकणारा गुडघा तसाच ठेवून तिला लावणीला उतरवू नये.